दाताची कड आणि पाच तारे

कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा जेमतेम तीन इंचांचा. त्यात डोकवायला एकाच माणसाला जागा. बाकीच्यांनी त्याच्या खांद्यावरून मान वाकडी करून बघायचं आणि ‘छान आलाय’ म्हणायचं. कारखान्यांच्या छायाचित्रणात वर्षानुवर्षं असंच चालत आलं. ज्यानं जॉब घडवला तो मशिनपाशी उभा, ज्याला तो विकायचा आहे तो खुर्चीवर, आणि फोटो मात्र एकट्याच्या डोळ्यापुरता.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या शूटवर आता वेगळं दृश्य दिसू लागलं आहे. कॅमेऱ्यातून निघालेली नारिंगी केबल लॅपटॉपला जाते, लॅपटॉपशेजारी लहानसा राउटर लुकलुकत असतो आणि शेडमध्ये दोघा-तिघांच्या हातांत टॅबलेट असतात. शटर पडलं की थोड्याच क्षणांत तो फोटो त्या सगळ्या हातांत उमटतो. कुणी दोन बोटांनी तो मोठा करून बघतं, कुणी खालच्या ताऱ्यांवर बोट ठेवतं आणि मुभा असेल तर कुणी तिथूनच पुढचा फोटो काढतं.

बहुतेकांच्या लेखी ही एक सोय आहे. वेळ वाचतो, पुन्हा शूट करावं लागत नाही, पार्टी खूश राहते. हे सगळं खरंच आहे. पण या पद्धतीला स्वतःची एक घडण आहे आणि ती सावकाश वाचण्याजोगी आहे. तिच्यात तीन क्रिया आहेत : बघणं, तारे देणं आणि टिपणं. या तिन्हींचे हक्क वेगवेगळे आहेत आणि ते वेगवेगळ्या माणसांकडे सोपवता येतात. ही वाटणी कशी केली, यावर त्या दिवसाचे फोटो कसे होणार हे ठरतं. माझ्या मते या पद्धतीतलं सगळं सौंदर्य या वाटणीत आहे.

आधी थोडं मागे जाऊ. भारतात कारखान्यांच्या छायाचित्रणाला कलेचा दर्जा मिळवून दिला तो मुंबईच्या मित्तर बेदी यांनी. १९२६ ते १९८५ हा त्यांचा काळ. यंत्रं, नळ्या, टाक्या, चिमण्या यांतली भूमिती त्यांनी कृष्णधवल चित्रांत अशी काही उभी केली की आजही त्या चित्रांपुढे थांबावं लागतं. त्यांच्या पिढीला स्वतःचा फोटो दिसायचा तो फिल्म धुऊन झाल्यावर. कारखान्यातला अंधार, भट्टीचा उजेड, फ्लॅशबल्बचा झोत यांचा हिशोब मनात करायचा, मीटर बघायचा आणि शटर दाबायचं. एकट्याच्या नजरेवर उभं राहिलेलं ते वैभव होतं. त्या नजरेला चुकायची मुभा नव्हती आणि दुसऱ्याची मदतही नव्हती.

ही कोंडी पहिल्यांदा फोडली पोलरॉइडनं. एडविन लँड यांनी २१ फेब्रुवारी १९४७ रोजी झटपट छायाचित्राचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढच्याच वर्षी त्यांचा कॅमेरा विक्रीला आला. नंतर स्टुडिओतल्या मोठ्या कॅमेऱ्यांना पोलरॉइडची पाठ बसवून खऱ्या फिल्मआधी एक चाचणीचा फोटो काढायची रीत पडली. थोडा वेळ थांबायचं, कागद सोलायचा, उजेडाखाली धरायचा. तो कागद या हातातून त्या हातात जायचा. आजच्या टॅबलेटचा खरा पूर्वज हाच कागद, कारण काम चालू असताना फोटो छायाचित्रकाराच्या हातातून सुटून दुसऱ्याकडे गेला तो त्याच्यामुळे.

पुढे डिजिटल आलं, आणि स्टुडिओतली सुरुवातीची अनेक डिजिटल बॅक संगणकाला जोडल्याशिवाय चालतच नसत. चित्र साठवायला त्यांच्यात जागाच नव्हती. म्हणजे केबल लावून शूट करणं ही काही नंतर सुचलेली चैन नव्हे, या कामाचा आरंभच तिथे आहे. १९९३ साली स्थापन झालेली डेन्मार्कची फेज वन कंपनी याच वाटेनं वाढली. तिच्या कॅप्चर वन या सॉफ्टवेअरच्या जोडीला कॅप्चर पायलट नावाचं अ‍ॅप आलं आणि बघणं, तारे देणं, टिपणं या तिन्ही क्रिया त्यानं हातातल्या पडद्यावर आणून ठेवल्या. केबल जागची हलली नाही. तिच्या पुढचा रस्ता तेवढा बिनतारी झाला.

हा तपशील महत्त्वाचा आहे. पंचेचाळीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल पन्नास एमबीच्या घरात जाते. एवढा ऐवज दर फोटोला हवेतून पाठवायचा तर सगळ्यांनाच ताटकळत बसावं लागेल. म्हणून रॉ फाइल केबलनं लॅपटॉपवर उतरते आणि तिथेच राहते. लॅपटॉप तिच्यावर आधीच ठरवून ठेवलेला रंग, कॉन्ट्रास्ट आणि काटछाट चढवतो आणि तयार झालेलं हलकं चित्र वाय-फायवरून टॅबलेटना देतो. त्यामुळे बघणाऱ्याला कच्चा माल दिसत नाही. छायाचित्रकाराच्या मनात फोटो कसा आहे, ते दिसतं. मतं मागवायची, पण आपला हेतू आधी समोर ठेवून. हा या रचनेतला पहिला सुंदर निर्णय.

दुसरा निर्णय मुभेचा. कोणता फोल्डर लोकांपुढे ठेवायचा, पासवर्ड काय, टॅबलेटवरून तारे देता येतील की नुसतं बघता येईल, हे लॅपटॉपवर ठरतं. आलेला प्रत्येक फोटो लगेच दाखवता येतो, किंवा निवडक तेवढेच पुढे सरकवता येतात. प्रकाश बसवताना पहिले काही फोटो वाईटच येतात. ते चार माणसांच्या डोळ्यांसमोर आले की कुजबुज सुरू होते आणि छायाचित्रकार घाबरून सुरक्षित प्रकाशाकडे वळतो. त्यानं चाचपडायचं असतं ते एकट्यानं. जाणकार छायाचित्रकार प्रकाश हाताशी लागेपर्यंत टॅबलेट रिकामे ठेवतो. हे रिकामेपणही त्या कामाचाच भाग आहे.

आता हा पट्टा. इथे शूट बहुधा गुरुवारी धरतात, कारण गुरुवार हा एमआयडीसीचा सुट्टीचा वार. मशिनं बंद, जमीन थरथरत नाही, हवेत कूलंटचा धूर नाही. महावितरणची देखभालीची कामंही अनेकदा गुरुवारीच निघतात, म्हणून राउटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर घ्यायचे. पत्र्याच्या शेडमध्ये वाय-फायचे तरंग भिंती-छतावर आपटून परततात. शेजारच्या कंपन्यांची नेटवर्क अंगावर येतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. म्हणून राउटर टेबलावर न ठेवता लाइट स्टँडवर, डोक्याच्या वर बांधतात आणि ५ गिगाहर्ट्झ निवडतात. त्याचा पल्ला कमी, पण जवळच्या जवळ वेग चांगला. इंटरनेटची गरज कुठेच पडत नाही. चित्र शेडच्या बाहेर जातच नाही.

या शेवटच्या गोष्टीचं मोल इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. इथल्या अनेक कारखान्यांत गेटवरच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. बाजारात न आलेली गाडी, नवं फिक्श्चर, दुसऱ्या कंपनीसाठी चाललेला जॉब, यातलं काही बाहेर जाता कामा नये. शूटसाठी आत जाणाऱ्या टॅबलेटलाही तो नियम लागू होतो. मग टॅबलेटच्या पाठीवर लाल स्टिकर आणि समोरच्या पडद्यावर दिवसाचा सर्वांत चांगला फोटो, अशी ती वस्तू शेडभर फिरत असते. त्या टॅबलेटला बघायचा हक्क नाही, दाखवायचा आहे. या पट्ट्यात ही पद्धत इतकी चपखल बसते याचं एक कारण तिचं हे बंदिस्तपण.

याहून मोठं कारण आहे इथली तपासणीची सवय. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. टेल्को, बजाज ऑटो यांसारख्या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग करणाऱ्या लहान शेडचं दाट जाळं भोसरी, चिंचवड, तळवडे आणि पुढे चाकणपर्यंत पसरलं. या शेडमधल्या माणसाला एक गोष्ट पक्की शिकवलेली असते : माल गेटबाहेर पडल्यावर तपासून उपयोग नाही, प्रत्येक ऑपरेशननंतर तपासायचा. पहिला पीस पास झाल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. फोटो काढता काढताच पारखणारी पद्धत त्याला परकी कशी वाटेल?

एका फोटोचं उदाहरण घेतो. भोसरीतल्या एका शेडमधलं शूट. वस्तू म्हणजे मोटारीच्या गिअरबॉक्समधला तळहातावर मावणारा गिअर. त्याला दातांच्या दोन रांगा. एक मोठ्या, तिरप्या दातांची. तिला लागून दुसरी, आखूड आणि बारीक दातांची. शॉपवर त्यांना डॉग टीथ म्हणतात. या बारीक दातांची टोकं सपाट नसतात, घराच्या छपरासारखे दोन उतार देऊन ती निमुळती केलेली असतात. गिअर टाकताना समोरच्या दातांत ते न अडखळता शिरावेत म्हणून. या उतारासाठी वेगळं ऑपरेशन, वेगळं टूल आणि वेगळी तपासणी असते.

उघड्या धातूचा फोटो काढणं म्हणजे प्रतिबिंबांचा फोटो काढणं. ग्राइंडिंग केलेल्या पृष्ठभागाला स्वतःचं असं फार थोडं दिसणं असतं. त्यात सॉफ्टबॉक्स दिसतो, छत दिसतं, छायाचित्रकाराचा शर्टही दिसतो. काचेवरची चकाकी पोलरायझर काढतो, पण उघड्या धातूवर नुसता लेन्सवरचा पोलरायझर फारसं काही करत नाही. मग उरतं एकच काम : धातूला काय दिसावं हे ठरवणं.

पहिल्या फ्रेममध्ये गिअरची बाजू पांढरीफटक आली आणि दात काळ्या खळग्यात गेले. ती टॅबलेटवर गेलीच नाही. सॉफ्टबॉक्स आणि गिअर यांच्यामध्ये ट्रेसिंगचा पडदा आला, दिवा मागे सरकला आणि ग्राइंडिंग केलेल्या चकतीवर पांढऱ्यापासून राखाडीपर्यंत एक मऊ उतरण तयार झाली. हा फोटो टॅबलेटवर गेला. मार्केटिंगच्या मॅडमनी लगेच चार तारे दिले. फोटो देखणा होताच.

दुसरा टॅबलेट क्वालिटीतल्या काकांकडे होता. त्यांनी तारा दिला नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, बारीक दातांच्या रांगेवर नेला आणि तिथेच थांबले.

“दादा, ग्राइंडिंग एकदम झकास दिसतंय. पण दाताची कड कुठाय?”

“कडच दिसतीये ना, काका.”

“दिसतोय तो दात. त्याचे दोन उतार दिसत नाहीयेत. हा बोथट दात वाटतोय. असा पीस आम्ही रिजेक्ट करतो.”

छायाचित्रकारानं फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला. काका म्हणत होते तसंच होतं. दोन्ही उतारांना एकाच पांढऱ्या पडद्याचं प्रतिबिंब मिळालं होतं, म्हणून दोन्ही सारखेच उजळ झाले होते आणि त्यांच्यामधली रेघ पुसली गेली होती. प्रकाशानं त्या दाताचं एक ऑपरेशनच रद्द केलं होतं.

आता खरं काम सुरू झालं. काळ्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी गिअरच्या डाव्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर उभी केली. मदतनीस मुलगा टॅबलेट शेजारी ठेवून ती पट्टी केसभर सरकवायचा, “थांब” म्हटलं की थांबायचा, शटर पडायचं, फोटो त्याच्यापाशी यायचा. पट्टी जवळ आली तेव्हा अख्खे दात काळवंडले. लांब गेली तेव्हा काहीच बदललं नाही. मधल्या एका जागी मात्र प्रत्येक दाताचा डावा उतार गडद झाला, उजवा उजळ राहिला आणि दोघांमध्ये एक धारदार रेघ उभी राहिली. दातामागून दात, अख्ख्या रांगेत. चकतीवरची मऊ उतरण तशीच राहिली आणि तिच्या कडेला ही तीक्ष्ण रांग बसली. या फोटोत शांतपणा आणि धार दोन्ही एकदम आहेत आणि एकामुळे दुसऱ्याला उठाव येतो. चांगल्या औद्योगिक छायाचित्राकडून मी याहून जास्त काही मागत नाही.

काकांनी पाच तारे दिले. मॅडमनी या वेळी तीनच दिले, कारण चकतीच्या कडेला गंजरोधक तेलाचा पुसट ठसा राहिला होता. दोघांचंही बरोबर होतं. ठसा पुसला, तोच फोटो पुन्हा काढला आणि तो अखेर निवडला गेला.

ताऱ्यांचा अर्थ इथे उलगडतो. तारा म्हणजे मत, पण ते कोणत्या गोष्टीवरचं हे आधी ठरलं नाही तर पाच आणि तीन यांची सरासरी चार येते आणि त्या चाराला काहीच अर्थ नसतो. कॅप्चर वनमध्ये ताऱ्यांखेरीज रंगांच्या खुणाही करता येतात. मी पाहिलेल्या नेटक्या शूटवर ही वाटणी आधीच केलेली असते : तारे मार्केटिंगचे, रंग क्वालिटीचे. हिरवा म्हणजे वस्तू खरी दिसते, लाल म्हणजे दिसत नाही. मग लाल खूण असलेल्या फोटोला पाच तारे मिळाले तरी तो बाजूला जातो. देखणेपण आणि खरेपण वेगवेगळ्या खुणांनी मोजलं की दोन्हींवर मोकळेपणानं बोलता येतं.

याची सर्वांत मोठी कसोटी लागते ती ठिणग्यांपाशी. गाड्यांच्या कारखान्याचा फोटो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते बॉडी शॉप : वाकलेले रोबो आणि उडणाऱ्या ठिणग्यांचा पंखा. दिनदर्शिकांवर, अहवालांच्या मुखपृष्ठांवर हेच चित्र असतं. आता स्पॉट वेल्डिंग करणाऱ्याला विचारा. पत्र्यांच्या मधोमध धातू वितळून टाका बसायचा असतो. ठिणग्यांचा फवारा उडाला म्हणजे तिथला वितळलेला धातू बाहेर पडला, टाक्यातला माल कमी झाला. करंट, दाब किंवा इलेक्ट्रोडची टोकं कुठेतरी बिनसली असण्याची ती खूण. ज्या फोटोला छायाचित्रकार पाच तारे देईल त्यावर वेल्डर लाल खूण करेल. उद्योगाचं प्रतीक म्हणून आपण मिरवतो ते चित्र शॉपवरच्या माणसाला अनेकदा दोषाचं चित्र वाटतं. त्याच्या हातात टॅबलेट नव्हता तोवर हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तिसरी क्रिया टिपण्याची. तिच्याबाबत मी कडक आहे. टॅबलेटवरून शटर दाबता येतं, आयएसओ, अ‍ॅपर्चर, शटरचा वेग बदलता येतो, म्हणून ते प्रत्येकाच्या हाती द्यावं असं मुळीच नाही. फोटो कधी काढायचा हे ठरवणाऱ्याला प्रकाशाची जबाबदारी घ्यावी लागते. ती जबाबदारी एकाचीच.

याला एक अपवाद मला मनापासून पटतो, आणि तोही याच पट्ट्यातला. रोबो चालू असताना कुंपणाच्या आत माणूस जात नाही. दार उघडलं की रोबो थांबतो. म्हणून रोबो बंद असताना कॅमेरा आत रोवायचा, लॅपटॉपही ट्रॉलीवर आतच ठेवायचा, सगळ्यांनी बाहेर यायचं आणि दार लावायचं. आता बटण टॅबलेटवर. ते कुणी दाबावं? बोट पडल्यापासून शटर उघडेपर्यंत थोडा उशीर होतो आणि तो दर वेळी सारखा नसतो. नेमका क्षण दिसल्यावर बोट टेकवलं तर तो क्षण निघून गेलेला असतो. रोबोचा फेरा ज्याच्या अंगात मुरला आहे, हात वळला की पुढे काय होणार हे ज्याला न बघता कळतं, तो ऑपरेटर तो क्षण आधीच हेरतो. चौकट छायाचित्रकाराची, प्रकाश त्याचा, आणि वेळ ऑपरेटरची. इथे टिपण्याचा हक्क दुसऱ्याकडे जाणं योग्य, कारण त्याचं ज्ञान फोटोत उतरतं.

या पद्धतीच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. टॅबलेटचा पडदा उजळ असतो आणि शेडमधल्या एलईडीखाली तो अधिकच उजळ करून बघितला जातो. त्यावरून फोटोचा उजेड ठरवला तर छपाईत फोटो काळा येतो. त्यासाठी हिस्टोग्राम आणि रंग जुळवलेला मॉनिटरच हवा. टॅबलेटवरची परिसराप्रमाणे रंग बदलणारी सेटिंग्ज बंद ठेवायची. आणि टॅबलेट फार वाटायचे नाहीत. दहा हातांत दहा पडदे दिले की माणसं वस्तूकडे बघायचं सोडून पडद्याकडेच बघत बसतात, आणि काकांसारख्या एखाद्याचं नेमकं वाक्य त्या गलक्यात हरवतं.

बघणं जितक्या जणांना देता येईल तितकं द्यावं, तारे आणि खुणा निवडक दोघा-तिघांना, आणि टिपणं एकालाच. त्या दोघा-तिघांत एक जागा मात्र कायमची राखून ठेवायला हवी, जॉब घडवणाऱ्याची. चाकणच्या मोठ्या कंपनीचा गाडीचा फोटो असो की भोसरीतल्या लहान शेडचा गिअर, शूटच्या वेळापत्रकात मॉडेल, मेकअप, जेवण यांच्या ओळी असतात. त्यांत एक ओळ ऑपरेटरची घाला. त्याच्या पाळीतला अर्धा तास मागून घ्या, त्याच्यासाठी खुर्ची ठेवा, टॅबलेट त्याच्या हातात द्या आणि तो फोटो मोठा करून कुठे थांबतो ते बघा. तो थांबेल तिथे दिवा सरकवा.